एका रेघेचं सीरम

सर मला ‘तुम्ही’ म्हणायचे. प्रयोगशाळेत बाकी सगळ्यांना अरे-तुरे, पाठीवर थाप, कधी डब्यातली वडी. मला मात्र ‘तुम्ही’. सुरुवातीला मला तो मान वाटला. ज्याला जवळ येऊ द्यायचं नसतं, त्यालाही माणूस असाच मान देतो, हे कळायला वर्ष गेलं.

मी भोरजवळच्या एका खेड्यातली, भाटघर धरणाच्या खालच्या अंगाची. आमची वस्ती बौद्धांची, गावाला लागून पण गावाबाहेर. शाळा भोरला झाली, कॉलेज पुण्याला. एमएस्सी झाल्यावर सरांकडे पीएचडीला लागले, तेव्हा बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता. सर परदेशात शिकून आलेले. आवाज कधी चढायचा नाही. समोरच्याला लागेल असं काही बोलायचं असलं, की ते चहाचा कप खाली ठेवता ठेवता बोलत.

आमचं काम मायटोकाँड्रियावर होतं. पेशीला लागणारी ऊर्जा मायटोकाँड्रियात तयार होते, एवढं शाळेतही शिकवतात. पण त्यांचे स्वतःचे वेगळे रायबोसोम असतात, म्हणजे प्रथिनं बांधायचा त्यांचा स्वतःचा वेगळा कारखाना असतो, ही गोष्ट तेव्हा नवी होती. त्या रायबोसोममधलं एक लहानसं प्रथिन सरांनी उंदरांच्या यकृतातून वेगळं काढलं होतं. सरांनी म्हणजे आम्ही. उंदराच्या मानेवर पेन्सिल आडवी दाबायची आणि शेपटी धरून एक झटका द्यायचा. मान तुटल्याचा आवाज येतो, काडी मोडल्यासारखा. सकाळभर तेच करत बसायचं, तेव्हा कुठं संध्याकाळी नळीच्या तळाशी डोळ्यांना जेमतेम दिसेल एवढा ऐवज उरायचा.

आता ते प्रथिन पेशीत नेमकं कुठं आहे, किती आहे, हे शोधायला त्याला आणि फक्त त्यालाच ओळखणारी अँटिबॉडी हवी होती. ती कुठं विकत मिळत नव्हती. जनावराच्या अंगात करून घ्यावी लागायची. प्रथिन सशाला टोचायचं, सशाच्या शरीरानं ते परकं म्हणून ओळखायचं, त्याच्याविरुद्ध अँटिबॉडी तयार करायची, आणि मग आपण त्याचं रक्त काढून वरचं पिवळसर पाणी घ्यायचं. ते सीरम. अँटिबॉडी त्यात असते.

प्रयोगशाळेमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ससे होते. त्या उन्हाळ्यात त्यांची नाकं वाहू लागली आणि बघता बघता सगळे मेले. सरांना घाई होती. परदेशातला एक गट याच प्रथिनाच्या मागं लागला होता. त्यांनी मला बोलावलं.

“तुमचं गाव भोरकडे ना?”

“हो सर.”

“हवा बरी असेल तिकडे. गवतही मिळेल. नवे ससे तुमच्याकडे ठेवू. टोचणं आणि रक्त काढणं शनिवार-रविवारी तुम्ही करा.”

घर लहान आहे, असं मी म्हटलं. आमच्याच प्रयोगशाळेत भोर शहरातला एक विद्यार्थी होता. त्याच्या घरामागं मोठं परसू होतं, विहीर होती. मी ते सुचवून पाहिलं.

सर हसले. “त्याच्या आईला चालायचं नाही. सोवळंओवळं असतं त्यांच्यात. तुमच्या लोकांना रक्तामांसाची सवय असते.”

तो विद्यार्थी शेजारीच पिपेट धूत उभा होता. त्यानं मान वर केली नाही.

आमच्या घरात रक्तामांसाचा विषय काय होता, ते सांगायला हवं. धर्मांतर झालं तेव्हा मी अगदी लहान होते. त्याआधी गावात बैल मेला, म्हैस मेली, की ओढून न्यायचं काम आमच्या लोकांचं. धर्मांतरानंतर आबांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, आणि वस्तीतल्या बाकीच्यांनी सांगून टाकलं, हे काम बंद. पहिलं जनावर मेलं ते पाटलांच्या गोठ्यात. आबांना चावडीपुढं बोलावून घेतलं आणि ओढणार की नाही ते विचारलं. आबा नाही म्हणाले. त्यांचा उजवा हात जोत्याच्या दगडावर ठेवून त्यावर कुऱ्हाडीचा तुंबा, म्हणजे पात्यामागची बोथट बाजू, मारला. दोन बोटं जुळली ती वाकडीच जुळली. त्या हातानं आबांनी पुढं धरणाच्या कालव्यावर फावडं चालवलं आणि मला शिकवलं. जनावर मात्र परत ओढलं नाही. हे सगळं आमच्या घरात कुणी बोलून दाखवत नसे.

म्हणून शनिवारी एसटीतून उतरून घरी गेले, तेव्हा सशांचं कसं सांगावं ते सुचेना. सरांचं शेवटचं वाक्य गाळून मी बाकीचं सांगितलं.

आबा ऐकून घेऊन म्हणाले, “टोचायचं, रगात काढायचं, आन् मग?”

“मग काही मरतील. उरलेले काम झाल्यावर मारावे लागतील.”

आई चुलीपाशी होती. ती म्हणाली, “मेलेली कोन टाकनार?”

“मी टाकीन.”

आबांनी अंगणातली जागा नजरेनं मोजली. मग म्हणाले, “शिक्षणाचं काम हाय. आन् बैल न्हाई, ससं हायती.” आणि पिंजऱ्यांसाठी बांबू तोडायला उठून गेले.

ससे आले. पांढरे, लाल डोळ्यांचे. असले ससे गावात कुणी पाहिले नव्हते. पहिले काही दिवस वस्तीतली माणसं बघायला यायची, गवताची काडी जाळीतून आत सरकवायची. आई त्यांना हरळी घालायची, लसूणघास घालायची, आणि पाणी बदलताना त्यांच्याशी बोलायची.

मग टोचायला सुरुवात झाली. प्रथिन तेलासारख्या एका औषधात घोटून त्याचं दाट पांढरं मलम करायचं. त्या तेलात क्षयाचे मेलेले जंतू असतात. त्यानं शरीर चवताळतं आणि अँटिबॉडी भरपूर होते. पाठीवर कातडीखाली ठिकठिकाणी टोचायचं, आणि मागच्या तळपायांत. तेव्हाची तशीच रीत होती. आईनं जुन्या लुगड्यात ससा गुंडाळून धरला. ससा एरवी मुका असतो, पण तळपायात सुई शिरली की एकदाच ओरडतो, आणि तो आवाज तान्ह्या पोरासारखा असतो. आईचे हात सुटले.

“पायातच कशापायी?” तिनं विचारलं.

“सरांनी तसंच सांगितलंय.”

तिनं परत धरला. एकामागून एक सगळे धरले. वस्तीतली बघायला जमलेली माणसं हळूहळू निघून गेली. नंतर कुणी काडी घेऊन आलं नाही.

टोचलेल्या जागा पिकल्या. पाठीवर गाठी आल्या, फुटल्या, माशा बसू लागल्या. पाय सुजून ससे पिंजऱ्यात फरफटत चालायचे. आई रोज कडुलिंबाचा पाला उकळून त्या पाण्यानं जखमा धुवायची. पावसाळ्यात दोन ससे मेले. मी पुण्यात होते. शनिवारी आले तर घरामागं ताजी माती दिसली. खड्डा आबांनी खणला होता.

“मी टाकते म्हटलं होतं ना,” मी म्हणाले.

“वढलं न्हाई म्या,” आबा म्हणाले. “हातानं उचललं आन् पुरलं. मानसाला पुरत्यात तसं.”

पण कुणीतरी त्यांना पुरताना पाहिलं होतं. श्रावण संपता संपता पाटलांचा बैल पान लागून, म्हणजे साप चावून, मेला. इतकी वर्षं असल्या कामाला दुसऱ्या गावाहून माणसं यायची. त्या दिवशी पाटलांचा धाकटा भाऊ सरळ आमच्या अंगणात आला. रविवार होता, मी घरीच होते. तो पिंजऱ्यांपुढं उभा राहिला, काठीनं एक ससा ढोसला आणि आबांना म्हणाला, “बैल पडलाय. उचला.”

“आमी त्ये काम सोडलंय,” आबा म्हणाले. “तुमास्नी ठावं हाय.”

“ठावं व्हतं. आता हे बी ठावं झालं. मेलेलं ससं चालत्यात, आन् बैल चालत न्हाई?”

“ससं माज्या घरचं हायती.”

“पोरगी पुन्याला शिकून आली आन् काय शिकली? जित्याचं रगात काढाय. तुमचं पूर्वीचं बरं व्हतं की. मेल्यावर कापायचा तुमी.” हे तो हसत हसत बोलला. मग माझ्याकडं वळून म्हणाला, “बाई, रगात ईकती का पिती?”

मी म्हटलं, “शोध चाललाय.”

“कशाचा?”

मी सांगू शकले असते. उंदराच्या यकृतातल्या एका कणाच्या आतल्या कारखान्यातल्या एका प्रथिनाचा. आबा म्हणाले, “बैल म्या उचलनार न्हाई. बोटं मोडून झाल्यात, आता काय मोडायचं ऱ्हायलंय?”

तो निघून गेला. दुसऱ्या दिवसापासून गावातल्या गिरणीत आमचं दळण घेईनात. गिरणीवाला आईला म्हणाला, पट्टा तुटलाय, आणि तिच्या देखत दुसऱ्या बाईची पायली दळून दिली. आई दळण डोक्यावर घेऊन भोरपर्यंत चालत जाऊ लागली. वस्तीतल्या लोकांनीही आमच्याकडं येणं कमी केलं. त्यांनाही दळण दळायचं होतं. मी सरांना सांगितलं. सर म्हणाले, “गावात असं चालायचंच. बूस्टरची टोचणी चुकवू नका.”

गणपतीनंतर रक्त काढायला लागले. सशाच्या कानाच्या कडेला एक शीर असते. तिथले केस भादरायचे, उग्र वासाचं झायलॉल चोळायचं म्हणजे शीर फुगते, ब्लेडनं छेद द्यायचा आणि थेंब थेंब नळीत धरायचं. मग रक्त गोठू द्यायचं, वर आलेलं सीरम काढायचं, थर्मासमध्ये भोरच्या बाजारातून आणलेला बर्फ भरायचा आणि एसटी पकडायची. पुण्यात जाऊन ते तपासायचं. काचेच्या बशीत खरवसासारखं गोठवलेलं आगर, त्यात छोटी छोटी भोकं. मधल्या भोकात सीरम, भोवतीच्या भोकांत वेगवेगळी प्रथिनं. दोन्ही आगरमधून एकमेकांकडे सरकतात, आणि जिथं अँटिबॉडीला तिचं प्रथिन भेटतं तिथं पांढरी रेघ उमटते.

आमच्या बशीत रेघाच रेघा उमटत. पेशीतल्या बाकीच्या, साध्या रायबोसोमच्या भोकाशी रेघ, रक्तातल्या प्रथिनाशी रेघ, जिथं नको तिथं रेघ. म्हणजे अँटिबॉडी समोर येईल त्याला परकं म्हणत होती. असं सीरम मोरीत ओतायचं. सर दर खेपेला बशी दिव्यापुढं धरायचे आणि न बोलता माझ्या हातात परत द्यायचे.

मग एका सशाचं सीरम वेगळं निघालं. थोराड अंगाचा, एका डोळ्याला कायम पाणी येणारा ससा होता तो. त्याच्या बशीत एकच रेघ आली. आपल्या प्रथिनासमोर, बारीक, केसासारखी. बाकी सगळी भोकं कोरी. मी चार वेळा करून पाहिलं. सरांनी बशी धरली, खाली ठेवली आणि म्हणाले, “छान.” दोन वर्षांत पहिल्यांदा.

त्या शनिवारी घरी गेल्यावर मी आबांना पिंजऱ्यापाशी नेऊन दाखवलं. “बाकीच्यांचं काही खरं नाही. हा एकटा कामाचा आहे.”

“ह्यो व्हय,” आबा म्हणाले. “पानीदार डोळ्याचा.”

पाटलांच्या भावाकडे शिकारीची कुत्री होती. त्यांना घेऊन तो वेल्ह्याच्या रानात डुकरांमागं जायचा. दसऱ्याच्या आसपास, भर दुपारी, ती कुत्री आमच्या अंगणात शिरली. शिरली म्हणजे सोडली गेली. आई रानात भाताच्या कामावर होती. आबा आत जेवत होते. ते बाहेर आले तोवर पिंजरे आडवे पडले होते आणि अंगणात पांढऱ्या लोकरीचे पुंजके उडत होते. आबांच्या हाताशी काठी होती. बाहेर उभं राहून ती आपटली असती तरी चाललं असतं. पण ते कुत्र्यांच्या मधोमध शिरले, तो एक ससा उचलला, सदऱ्याच्या आत घातला आणि त्यावर पालथे पडून राहिले. कुत्र्यांनी त्यांच्या पोटऱ्या आणि दंड फाडले. नंतर कुठूनतरी शीळ आली आणि कुत्री परत गेली.

मला शनिवारी कळलं. आबांना भोरच्या सरकारी दवाखान्यात नेलं होतं. तिथल्या डॉक्टरांनी आईला नीट समजावून सांगितलं होतं. कुत्रं पिसाळलेलं आहे की नाही ते बघायला हवं. कुत्रं ओळखीचं असेल तर ते बांधून ठेवा आणि दहा दिवस बघा. जगलं तर इंजेक्शनं नकोत. नाही सापडलं तर पोटात इंजेक्शनं घ्यावीच लागतील.

कुत्री कुणाची होती ते सगळ्या गावाला माहीत होतं. मी स्वतः पाटलांच्या दारात गेले. धाकटा भाऊ ओट्यावर सुपारी कातरत बसला होता. कुत्री मागं साखळीला होती, ती मला दिसत होती.

मी म्हटलं, “आम्ही फिर्याद देत नाही. फक्त एवढं सांगा, हीच कुत्री होती का. डॉक्टरांना सांगायचंय.”

“आमची कुत्री बांदलेली असत्यात,” तो म्हणाला.

“आबांना पोटात सुया घ्याव्या लागतील.”

“मग घ्याव्या. तुमच्यात सुयांचं काय नवं हाय?”

गावात आणखी कुणाकुणाला विचारलं. कुणी म्हणालं कोल्हे असतील. कुणी म्हणालं आम्ही रानात होतो. भोरच्या पोलीस चौकीत जमादार म्हणाला, कुत्र्याच्या नावानं गुन्हा कसा लिहू?

आबांनी इंजेक्शनं घेतली. तेव्हा रोज एक, पोटाच्या कातडीत, जागा बदलून. पोट टरारून सुजायचं. ते एसटीनं भोरला जायचे, घ्यायचे आणि परत यायचे. शेवटची काही राहिली असताना त्यांच्या पायांना मुंग्या आल्या. दुसऱ्या दिवशी बाजेवरून उठायला गेले तर पाय हललेच नाहीत. लघवीही बंद झाली.

पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात तरुण डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. त्या काळची ती लस मेंढीच्या मेंदूपासून करत. बहुतेकांना काही होत नसे. पण क्वचित एखाद्याचं शरीर मेंढीच्या मेंदूविरुद्ध अँटिबॉडी करतं, आणि मेंढीच्या मेंदूत जे असतं तेच माणसाच्या मज्जारज्जूतही असतं. “तुमच्या वडलांचं शरीर स्वतःच्याच नसांना परकं समजतंय,” ते म्हणाले. “सोप्या भाषेत सांगतोय.”

मला सोप्या भाषेची गरज नव्हती.

आबा महिनाभर दवाखान्यात होते. लघवी पुन्हा होऊ लागली, हात वाचले, पाय आले नाहीत. घरी आणलं तेव्हा त्यांना टेम्पोतून उतरवायला वस्तीतली माणसं आली. गावातलं कुणी आलं नाही. मात्र दोन दिवसांनी एक बोलणं आईच्या कानावर आलं. पाटलांच्या ओट्यावर निघालेलं आणि गिरणीपर्यंत पोचलेलं. बैल ओढायला नको म्हणत होता, आता बायकोनं त्याला ओढायचा. लोक हसले म्हणे. आईनं बराच काळ मला हे सांगितलं नव्हतं. मग एक दिवस आबांना अंगणात घेताना तिचा दम लागला, ती खाली बसली आणि सांगून टाकलं.

त्या साऱ्या काळात तो ससा जिवंत होता. आईच त्याला पाळत होती. पिंजरा उरला नव्हता, तो घरातच फिरायचा, आबांच्या बाजेखाली बसायचा. दर पंधरवड्याला मी त्याच्या कानातून रक्त काढून पुण्याला नेत होते, आणि रेघ एकच येत होती.

थंडीत सर आले. मोटारीनं, तो भोरचा विद्यार्थी बरोबर. दुपारचं जेवण त्यांनी त्याच्या घरी उरकलं होतं, ते त्यांच्या कपाळावरच्या गंधावरून कळलं. मी खुर्ची बाहेर आणली. सर बसले नाहीत. आईनं तांब्या-भांडं पुढं केलं. सर म्हणाले, “नको बाई, आत्ताच पाणी झालंय.”

मला त्यांनी सांगितलं, “असं थोडं थोडं काढत राहण्यात जोखीम आहे. उद्या हा मेला तर? आजच सगळं काढून घेऊ.”

सगळं म्हणजे हृदयातून. बरगड्यांच्या मधून लांब सुई घालायची, हृदयात शिरली की सिरिंज स्वतःच धडधडायला लागते, आणि दांडा ओढत राहायचं. ससा त्यातून उठत नाही.

मी म्हटलं, “सर, हा जगला तर अजून वर्षभर देईल.”

“तुमच्या गावात?” सर म्हणाले. “इथं काय जगतं ते पाहिलं मी.”

आईला बोलण्याचा रोख कळला. ती म्हणाली, “थोडंफार रगात ठिवा की त्याला. लई शाना हाय. हाक मारली की येतो.”

“बाई, त्याचं काम झालं आता.”

आईनं ससा दिला नाही. बाजेखालून मीच काढला. आईच्या त्याच जुन्या लुगड्यात गुंडाळला, अंगणात फळीवर ठेवला. भोरच्या विद्यार्थ्यानं पाय धरले. सिरिंज भरली, दुसरी भरली, मग ती धडधडायची थांबली. रक्त चांगलं निघालं. सर नळ्या उजेडात धरून पाहत होते.

बाज दारापाशीच होती. आबा उशीला टेकून सगळं पाहत होते. सरांचं लक्ष पहिल्यांदा त्यांच्याकडे गेलं. त्यांनी मला विचारलं, हेच का ते. मी हो म्हटलं. त्यांनी लशीचं, पायांचं, दिवसांचं बारकाईनं विचारून घेतलं. त्यांच्या तोंडावर एवढी उत्सुकता मी कधी पाहिली नव्हती.

“फारच इंटरेस्टिंग,” ते म्हणाले. “यांच्या रक्तात मेंदूच्या प्रथिनाविरुद्ध अँटिबॉडी असणार. थोडं घेऊ या का? सुया आणल्याच आहेत.”

सुई अजून माझ्या हातात होती.

“काय म्हनत्यात?” आबांनी विचारलं.

मी सांगितलं. काही न गाळता सांगितलं. या वेळी गाळावंसं वाटलं नाही.

आबांनी सरांकडे पाहिलं. मग सदऱ्याची बाही वर केली आणि हात बाजेवर लांब केला. “घ्या की,” ते म्हणाले. “शिक्षणाचं काम हाय. पर सशावानी अंगनात न्हाई. हितं आत या. बाजंवर बसा, आमच्या घरचा च्या घ्या, आन् मग घ्या.”

सरांना ते कळलं. भोरच्या विद्यार्थ्यालाही कळलं, तो दुसरीकडं बघू लागला. सर दाराकडं पाऊलभर आले, उंबऱ्याच्या अलीकडं थांबले. घड्याळ पाहिलं.

“पुढच्या वेळी पाहू,” ते म्हणाले. “बर्फ वितळतोय.”

मोटार गेली. आबांची बाही तशीच वर होती. ती आईनं खाली केली. ससा मी पुरला.

त्या सीरमचं पुढं नाव झालं. सरांनी ते थेंबाथेंबानं छोट्या बाटल्यांत भरलं आणि देशोदेशी पाठवलं. त्याला सरांच्या आडनावाच्या पहिल्या अक्षराची खूण मिळाली. जगात त्या प्रथिनाचा शोध घेणारे लोक त्या अक्षरानं सीरम मागू लागले. निबंध छापून आला त्यावर पहिलं नाव सरांचं, दुसरं भोरच्या विद्यार्थ्याचं, तिसरं माझं. भोरचा विद्यार्थी त्याच्या जोरावर परदेशी गेला. मला पदवी मिळायला आणखी तीन वर्षं लागली. सर दर वेळी एखादं प्रकरण परत पाठवायचे. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांना त्यांनी माझ्यासमोर सांगितलं, “यांच्याकडून फार अपेक्षा ठेवू नका. हातानं काम चांगलं करतात.”

पदवी घेऊन मी घराजवळच्या कॉलेजात शिकवायला लागले. दुसरीकडं जाणं शक्यच नव्हतं. आईच्यानं आता आबांना उचलवत नव्हतं.

काही वर्षांनी, एका सकाळी, सर माझ्या कॉलेजात आले. या वेळी मोटार नव्हती. एसटीनं आले होते, कापूरहोळला गाडी बदलून. वय झालेलं दिसत होतं. मी त्यांना प्रयोगशाळेत स्टुलावर बसवलं. चहा मागवला. तो त्यांनी घेतला.

ते इकडचं तिकडचं बोलत राहिले. मग म्हणाले, “सीरम संपलं.”

मला माहीत होतं तसं होणार. सशाच्या अंगात होतं तेवढंच ते होतं. त्या सशानंतर सरांनी कितीतरी ससे टोचले होते, शेळी टोचली, पुन्हा कुणाच्याही रक्तात ती एक रेघ आली नाही. परदेशातल्या गटानं आता लिहिलं होतं की सरांचे निष्कर्ष त्यांना परत मिळत नाहीत, आणि ताडून पाहायला मूळ सीरम पाठवा. सरांकडे थेंबही उरला नव्हता.

“तुम्ही थोडं बाजूला ठेवलं असेल,” ते म्हणाले. “माणूस ठेवतो. मी रागावणार नाही.”

“नाही सर.”

“एखादी बाटली. अर्धी.”

“नाही.”

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. विश्वास बसला नाही, ते दिसत होतं. कोपऱ्यात कॉलेजचा जुना फ्रीज होता. ते उठले, न विचारता त्यांनी तो उघडला. आत बेडकांचा डबा होता, रसायनं होती, प्राचार्यांच्या मुलीचं इन्सुलिन होतं. सर एकेक बाटली काढून खिडकीच्या उजेडात धरून बघू लागले. चिठ्ठी नसलेली प्रत्येक बाटली त्यांनी वास घेऊन पाहिली. मी त्यांना थांबवलं नाही. मदतही केली नाही. दारात प्रॅक्टिकलची मुलं येऊन उभी राहिली होती आणि हे म्हातारे गृहस्थ कोण, म्हणून बघत होती.

सगळं पाहून झाल्यावर त्यांनी फ्रीज लावला. रुमालानं हात पुसले.

“परतीची गाडी किती वाजता असते?” त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. ते गेले. मी मुलांना आत घेतलं आणि बेडकांचा डबा टेबलावर काढला.